बिनघंटीची सायकल

नानांच्या सायकलच्या हँडलवर, उजव्या मुठीच्या अलीकडे, एक रिकामी जागा होती. इतरांच्या सायकलींना जिथे घंटी असते, तिथे फक्त उघडं, तळहाताच्या घामानं गुळगुळीत झालेलं लोखंड. थंडीच्या सकाळी त्यावर दव साचायचं आणि पुढच्या दांडीवर बसून मी त्यात बोटानं रेघोट्या ओढायचे… मागून नानांच्या शर्टाला येणारा मशीनच्या तेलाचा वास, आणि वाटेत कुठेतरी कपाशीच्या वाळक्या पराट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजत असल्याचा धूर. माझ्या लेखी हिवाळा म्हणजे हे दोन वास, बाकी काही नाही.

नाना म्हणजे माझे वडील. जळगावात घरोघरी जाऊन शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. हत्यारांची खाकी पिशवी मागच्या कॅरिअरला, मी पुढे. घंटी का नाही, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "घंटी ढोराच्या गळ्यात असते. माणसाला हाक मारावी." आणि ही हाक मारायचं काम माझ्याकडे होतं!

तेव्हा मोबाइल नव्हते, म्हणून माणसं भानावर चालायची, असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. कुणी लेकीच्या स्थळाच्या विचारात, कुणी सासूशी मनातल्या मनात भांडत, तर कुणी भर रस्त्यात मधोमध उभं राहून हातातली पुडी सोडून बघत; सगळे आपापल्या तंद्रीत. त्यांना मागून ओळखायचं आणि नात्याची हाक मारायची. टाचा बघायच्या, चाल बघायची, पदर कसा घेतलाय ते बघायचं. शंका आली तर नानांचा नियम होता, "पुरुषाला वयानं एक पायरी वर चढव, बाईला एक पायरी खाली उतरव. कुणी रागवत नाही." ज्याला हाक मारली तो वळून बघायचाही नाही, नुसता हात वर करायचा आणि डावीकडे सरकायचा. हात वर म्हणजे ऐकू आलं. एवढा साधा व्यवहार.

फजितीही व्हायची. एकदा पांढऱ्याशुभ्र केसांच्या एका वाकलेल्या माणसाला मी खणखणीत आवाजात "ओ आबा, बाजूला!" म्हटलं, तर तो गिरणीवाला निघाला — डोक्यावर पीठ, पाठीवर गव्हाचं पोतं, वय जेमतेम बावीस. "आबा काय गं? पुढच्या महिन्यात हळद आहे माझी!" तो ओरडला. नाना इतके हसले, इतके हसले की सायकल थांबवून त्यांना उतरावं लागलं.

पण मला घंटी हवी होती. मैत्रिणींच्या सायकलींना होत्या, चकचकीत, आणि त्यांच्या त्या ट्रिंग ट्रिंग आवाजानं मला अगदी वेड लावलं होतं. दिवाळीला धुळ्याहून मामा आले, त्यांच्यामागे भुणभुण लावून मी घंटी मिळवलीच. ती दप्तरात लपवून ठेवली. आणि एका दुपारी नाना जेवून आडवे झाले तेव्हा त्यांच्याच पिशवीतला पाना काढून ती हँडलला बसवली, सायकल बाहेर काढली, हाफ पायडल मारत थेट बाजाराच्या रस्त्याला लागले. काय सांगू तुम्हाला तो थाट! अंगठा दाबला की माणसं टुणकन बाजूला. कुणाला आबा म्हणायला नको, कुणाला ताई म्हणायला नको. एक गृहस्थ तर गटाराच्या कडेवर चढले. मला वाटलं, नाना किती वेडे आहेत…

पुढे अक्का चालली होती. डोक्यावर भाजलेल्या शेंगांची पाटी, पाठ ताठ. ही भडगावकडची म्हातारी आमच्या शाळेच्या फाटकाशी बसायची आणि मूठभर शेंगांवर दोन शेंगा उगाचच जास्त टाकायची. मी घंटी वाजवली. ती हलली नाही. पुन्हा वाजवली. आता सरकेल, मग सरकेल, या भरवशावर अंगठा घंटीवरच राहिला आणि ब्रेक दाबायचा राहून गेला. हँडल तिच्या कमरेत बसलं. पाटी उडाली, शेंगा रस्ताभर झाल्या, अक्का उजव्या मनगटावर पडली आणि हाड मोडल्याचा आवाज मी या कानांनी ऐकला.

लोक जमले. "घंटी ऐकू आली नाही का, म्हातारे?" कुणीतरी दरडावलं. अक्कानं मनगट छातीशी धरलं होतं, ओठ पांढरे पडले होते. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "घंटी त बठ्ठासले शे, व माय. माले कोनी हाक मारी?"

घंटी तर सगळ्यांनाच असते. मला कुणी हाक मारली?

नानांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी घंटी काढून फडताळात टाकली, अक्काला नेऊन तिचा हात बांधून आणला, आणि मला एवढंच म्हणाले, "तिला मागून हाक मार, वाट माग. तिनं दिली, तर सायकल तुझी. नाही दिली, तर सायकलला पुन्हा हात लावायचा नाही."

आणि माझा आवाजच गेला हो! इतर वेळी घर डोक्यावर घेणारी मी. अक्का हात झोळीत अडकवून, पाटी डाव्या कमरेवर घेऊन शाळेकडे निघायची. मी सायकल हातात धरून तिच्या मागे पाऊल पाऊल ढकलत जायचे, आणि घशातून अक्षर फुटायचं नाही. मागून शिव्या पडायच्या. अक्काही भारी! एवढा रस्ता मोकळा असला तरी मधोमधच चालायची, हळूहळू, वाट अडवून. तिला ठाऊक होतं मागे कोण आहे. असे किती दिवस गेले कोण जाणे. दांडीवरची माझी जागा रिकामी होती; मी सायकल परत आणून ठेवली की नाना एकटेच कामाला जायचे आणि मी तेलाच्या वासालाही पारखी झाले होते.

एका सकाळी फार रडू आलं. रडतारडताच ओरडले, "ओ अक्का… जरा बाजूला व्हा ना!"

अक्का थांबली. वळली नाही. झोळीतून तो बांधलेला, मोडका हात काढून तिनं वर केला — दुखला असणार — आणि डावीकडे सरकली. मी शेजारून जाताना म्हणाली, "आते आइकू उनं." आता ऐकू आलं.

आता नाना नाहीत. अक्का तर कधीच गेली. मी पिंप्राळ्यात राहते, स्कूटी चालवते, आणि खोटं कशाला सांगू, हॉर्न वाजवते. कानात मोबाइलची बोंडं घालून चालणाऱ्यांना हाक मारून उपयोग काय, अशी माझी मीच समजूत घालते. नानांनी ऐकलं असतं तर गप्प बसले असते. तेच मला सोसलं नसतं.

परवा सकाळी दूध आणायला पायी निघाले होते. मोबाइल कानाला, पुण्याहून लेक बोलत होती. मी कुठे चालले आहे याचं मला भानच नव्हतं. मागून एका थकल्या पुरुषाचा आवाज आला, "ओ अक्का, जरा बाजूला!"

मी वळले नाही. माझा हात आपोआप वर गेला, पाय डावीकडे सरकले. शेजारून केळ्यांचे घड लादलेली सायकल कुरकुरत पुढे गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी अक्का म्हटलं होतं. पुरुषाला एक पायरी वर, बाईला एक पायरी खाली… म्हणजे खरं तर आजीच म्हणायचं असेल त्याला.

"आइकू उनं, भाऊ," मी पुटपुटले.

"आई, कुणाशी बोलतेस?" लेकीनं विचारलं.

"कुणाशी नाही गं. एकानं वाट मागितली, दिली," म्हटलं. सायकल वळणाआड गेली होती, आणि माझा हात अजून वरच होता.