दिल्लीची वेळ

सरांना कोणी वेळ विचारली की ते आधी मनगटाकडे बघत, मग विचारणाऱ्याकडे, आणि म्हणत, "कायले पायजे?"

यात उद्धटपणा नव्हता. ती कशाला हवी हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. बस पकडायची असेल तर "साडेपाच झाले, पाय उचला" एवढ्यावर काम भागे. पण घड्याळ लावायचं आहे असं कोणी चुकून बोललं, तर सर त्याचा दंड धरून त्याला घरात घेऊन जात. "घड्याळ लावाचं असंल तं अंदाजानं नको. चला, दिल्लीले विचारू." त्या बिचाऱ्याचा अर्धा तास जाई, वर चहा प्यावा लागे. वेळ मात्र अशी मिळे की अख्ख्या वर्धेत दुसऱ्या कोणाजवळ नसेल.

आम्ही एकाच कॉलेजात होतो. ते भौतिकशास्त्र शिकवत, मी मराठी. पिपरी मेघेला आमची घरंही समोरासमोर. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या गल्लीत कॉम्प्युटर फक्त सरांकडे होता, तोही नागपूरहून आणलेला जुना. त्याच्या शेजारी मोडेम नावाची काळी डबी. दिल्लीच्या एका सरकारी प्रयोगशाळेत अणुघड्याळ आहे. मोडेमने फोनच्या लाइनवरून तिथला नंबर लावला की आधी शिट्ट्या, मग खरखर, आणि मग पडद्यावर दिल्लीची वेळ उमटे. कॉम्प्युटरचं घड्याळ तिच्याशी आपोआप जुळे. तेवढा वेळ सर खुर्चीतून उठून उभे राहत, घरात कोणी वडीलधारं आल्यासारखे. मी त्यांना यावरून खूप छळलं आहे. "सर, दिल्लीचं कधी काही खरं असतं का हो?" असं विचारलं की म्हणत, "घड्याळ तेवढं खरं हाये."

त्याच लाइनवरचं फोनचं दुसरं यंत्र स्वयंपाकघरात होतं. एकदा सर वेळ घेत असताना त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, नेमकं ते उचललं. "हॅलो, कोन बोलून राह्यलं? अन् शिट्ट्या काऊन वाजवून राह्यले? लाज नाई वाटत?" पडद्यावर वेळेच्या जागी अगम्य चिन्हं उमटली. सर बाहेरच्या खोलीतून शांतपणे म्हणाले, "अवो, सरकारी घड्याळ हाये ते. त्याच्यावर काऊन रागावता?"

"मंग त्याले सांगा, बाईमानसानं फोन उचलला तं शिट्टी मारू नये."

त्या दिवसापासून दिल्ली लावण्याआधी सर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन रीतसर परवानगी काढू लागले.

एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरलाही त्यांनी एकदा सांगून पाहिलं की तुमचं घड्याळ मागे आहे. तो म्हणाला, "सर, इथी गाडी आली का वेळ होते." दुसऱ्या कोणाला राग आला असता. सरांना ते उत्तर इतकं आवडलं की पुढे दर वर्षी वेळेचा धडा ते त्याच वाक्याने सुरू करत.

तुम्ही म्हणाल, एवढ्या काटेकोर वेळेचं हा माणूस करायचा काय? सरांना आकाशाचं वेड होतं. चंद्र सरकताना कधी कधी एखाद्या ताऱ्याच्या पुढे येतो आणि तारा फुंकर मारल्यासारखा विझतो. तो कोणत्या गावातून नेमका कधी विझला, हे देशोदेशीचे हौशी लोक एकमेकांना कळवतात. त्यावरून चंद्राच्या कडेवरचे डोंगरसुद्धा मोजता येतात, असं सर सांगत. त्यात सेकंदाच्या तुकड्याला किंमत. वर्धेहून अशी नोंद कधी कोणी पाठवलेली नव्हती. ती आपण पाठवावी, आणि तीही रोहिणीची, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात बाळगली होती. चंद्र रोहिणीच्या ताऱ्याला झाकतो ती पाळी काही वर्षं चालते, मग कितीतरी वर्षं चंद्र तिच्या वाटेला जात नाही. आधीच्या संधी ढगांनी खाल्ल्या होत्या. आता एकच उरली होती, चैत्रातली. सरांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता, त्यामुळे पुढच्या पाळीच्या गोष्टी ते करत नसत.

त्यांच्या फोनचा दुसरा उपयोग गल्लीला होता. गल्लीतल्या बऱ्याच घरांनी नातेवाइकांना सरांचा नंबर देऊन ठेवला होता, लग्नपत्रिकेतसुद्धा, पुढे 'पी.पी.' लिहून. फोन सरांकडे यायचा आणि त्यांनी त्या माणसाला बोलावून आणायचं, अशी रीत. माझ्याकडेही फोन होता. पण मी खिडकीतून हाक मारी आणि सर स्वतः चालत जात, तेव्हा लोक कोणाचा नंबर देणार?

या सगळ्यांत सरांना जपावासा वाटे तो मावशींचा फोन. मावशी गल्लीच्या टोकाला राहत. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा दिनेश सैन्यात, पार काश्मीरकडे. तिथे फोनपुढे जवानांची रांग असे आणि नंबर आला की तो आईशी बोलून घेई, बहुतेक रविवारी. त्याचं बारावीचं भौतिक सरांनीच करून घेतलं होतं. सरांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं.

चैत्रातली ती संध्याकाळ रविवारचीच होती. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. वहिनींनी गच्चीवर पाणी मारलं, सरांनी दुर्बीण लावली. दुर्बिणीपाशी एक बटण आणि त्याची वायर जिन्यावरून खाली कॉम्प्युटरपर्यंत. तारा विझला की बटण दाबायचं, कॉम्प्युटर तो क्षण टिपून ठेवील. मला हौसेने बोलावलं होतं, साक्षीला.

दिवेलागणीला लाइट गेली. भारनियमन रोजचंच. लाइट परत आली तेव्हा कॉम्प्युटरचं घड्याळ एकोणीसशे ऐंशी सालच्या पहिल्या तारखेला जाऊन बसलं होतं. आतली बॅटरी मेली होती आणि नवीन यायची होती, त्यामुळे लाइट गेली की दर वेळी नव्याने दिल्ली लावावी लागे. सर दिल्ली लावायला बसले आणि तेवढ्यात फोनच वाजला.

"जयभीम काका, दिनेश बोलून राह्यलो. आईले बोलावता का?"

"जयभीम बेटा. थांब, आलीच समज." आणि सर निघाले.

मावशी धापा टाकत आल्या. एरवी हा फोन चटकन संपे. त्या दिवशी दिनेशची तुकडी वरच्या ठाण्यावर जाणार होती, तिथे फोन नव्हता. परत खाली कधी येणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मावशींनी ते ऐकलं आणि खाली फरशीवर बसकण मारली. मग बोलत राहिल्या. अंगणातल्या पपईला फळ लागलं, पत्रा बदलला, कोणाची मुलगी दिली, कोणाची म्हैस व्याली.

मी सरांना जिन्यात गाठलं. "दोन मिनिटं लाइन मागा. दिल्ली लागली की तो पुन्हा करील फोन."

"मांगं रांग हाये त्याच्या. पुन्हा लागन कशावरून?"

"आणि रोहिणी?"

"बटन तं दाबू, कॉम्प्युटर त्याच्या चुकीच्या घड्याळात तो क्षण टिपन. मावशीचं झालं का दिल्ली लावू अन् दोन्ही घड्याळांतला फरक काढू. तोपर्यंत लाइट राह्यली पायजे फक्त."

आम्ही वर गेलो. चंद्राच्या अंधाऱ्या कडेला टेकलेला तो तांबूस ठिपका सरांनी मला एकदा दाखवला आणि मग डोळा लावून ते असे उभे राहिले की श्वास घेताहेत की नाही कळेना. बटण वाजलं. "गेली," ते म्हणाले. त्यांनी ती नेमकी पकडली होती.

माझा फोन समोरच होता, पण कॉम्प्युटर बंद केल्याशिवाय तिथे नेता येत नव्हता. आता एकच गोष्ट उरली होती. मावशींनी फोन ठेवायचा, तोही लाइट पुन्हा जाण्याआधी. सर खाली आले आणि जिन्याच्या वळणावर बसले, मावशींना दिसणार नाही अशा जागी. कोणी ताटकळलंय हे दिसलं तर त्या फोन आवरता घेतील, ही भीती. मी पुढे व्हायला लागलो तर त्यांनी माझा सदरा धरला. "बोलू द्या तिले."

लाइट गेली. पंखा थांबला, कॉम्प्युटर विझला आणि बरोबर तो क्षणही गेला. फोन तेवढा चालू होता. अंधारात मावशींचा आवाज येत राहिला, "लाइट गेली रे इथी. नाई नाई, तू बोल. तिथी थंडी किती हाये?"

मी म्हणालो, "सर, मी माझ्या घड्याळात पाहिलं होतं. तेच लिहून पाठवा ना, कोण विचारतं?"

"तुमच्या घड्याळानं बस पकडाची भाऊ," ते म्हणाले. मग उठून त्यांनी मेणबत्ती शोधली, पेटवली आणि मावशींच्या शेजारी फरशीवर ठेवून आले.

त्या घटकेला मला मावशींचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. आणि या माणसाच्या शेजारी आपलं घर आहे याचा अभिमानही वाटला. नोंद त्यांनी कधीच पाठवली नाही.

वहिनींकडून मावशींना हे कळलं तेव्हा त्या सकाळीच दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, माह्यामुळं तुमचा तारा हुकला म्हनतेत."

"तारा जाग्यावर हाये मावशी. दिनेश रविवारी फोन करते ना? आता रविवारी मी दिल्ली लावतच नाई."

आणि तो वरच्या ठाण्यावर असेपर्यंत रविवारच्या संध्याकाळी त्यांनी फोनला ना स्वतः हात लावला, ना आम्हाला लावू दिला. फोन येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. दिनेश हिवाळ्यात सुखरूप खाली आला, आणि त्याचा पहिला फोन सरांनीच उचलला.

पुढे इंटरनेट आलं. कॉम्प्युटर न सांगता आपली वेळ लावून घेऊ लागले, हातोहाती मोबाइल झाले आणि सरांच्या दारात फोन घ्यायला कोणी येईना. सर निवृत्त झाले आणि मग एका पावसाळ्यात, फार दुखणं न काढता, गेले.

नंतरच्या एका रविवारी मी वहिनींकडे बसलो होतो. मी म्हणालो, "हा फोन आता बंद करून टाका वहिनी. मोबाइल आहे की तुमच्याकडे."

त्या काही बोलण्याआधीच फोन वाजला. त्यांनी पदराला हात पुसले आणि उचलला. "जयभीम बेटा," एवढं ऐकलं आणि मी सवयीने उठलो, मावशींना बोलवायला.

वहिनींनी रिसीव्हरवर हात ठेवला. "बसा भाऊजी. आईसंगं त्याचं मोबाइलवर झालं बोलनं. हा माह्यासाठी हाये."