मोहोळाखालचा रविवार आणि कारभारी मामा

आज चौघांनी कारभारी मामांचा फोटो स्टेटसला टाकलाय. चौघंही भेकड आहेत.

मामा परवा गेले. घरीच, झोपेत. वय झालं होतं.

त्यांच्या मेंढ्या जिथं चरायच्या, त्या डोंगराला आपण आता 'नेचर पॉइंट' म्हणतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही पाच जण तिथं गेलो. सगळे शेंद्रा एमआयडीसीतल्या एकाच कंपनीतले.
गाडीत चिकन, मोठा स्पीकर आणि अंगात माज.

कड्याखाली तीन दगड मांडून जाळ केला. मामा काठी टेकत आले.

"बाबांनो, हितं धूर करू नका. वर आग्या मोहोळ हाय. लई वंगाळ."

आमचा टीम लीडर म्हणाला, "चाचा, डोंगर क्या तुम्हारे नाम पे है?"

सगळे हसले. मीसुद्धा.

वरून त्यांनाच मधे उभं करून फोटो काढला. "काका, जरा स्माईल!"
तोच फोटो आज फिरतोय. खाली लिहिलंय, 'निसर्गाचा खरा राखणदार. मिस यू मामा.'

थू.

थोड्याच वेळात माश्या उठल्या.
मी पाणी आणायला झऱ्यावर गेलो होतो. पळत आलो, गाडीचं दार ओढलं. लॉक. काच बडवली. आतून चौघं माझ्याकडं बघत होते.

मग गाडी निघून गेली.

मामांनी मला खाली पाडलं, अंगावरचं घोंगडं माझ्यावर टाकलं आणि वरून दाबून बसले.

"हलू नको लेकरा. आजाबात हलू नको."

आत मला त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं.

त्यांच्या मुलानं, भागवतनं, आम्हाला दवाखान्यात नेलं. मामा आठ दिवस तिथंच. तोंड सुजून डोळे मिटलेले. चौघांपैकी एकही फिरकला नाही.

ग्रुपवर मेसेज आला, 'भाई, दार उघडलं असतं तर सगळेच गेलो असतो. प्रॅक्टिकल विचार कर.' सोबत हसरा इमोजी.

मामा बरे झाल्यावर मी त्यांच्या वस्तीवर गेलो. त्यांनी चहा दिला. मग विचारलं,

"गाडीतले ते तुझे कोण?"

"मित्र."

"व्हय?"

एवढंच. माझी मान वर होईना. मी हसलो होतो, तेही त्यांनी बघितलं होतं.

तुम्ही चौघं, तो फोटो काढून टाका. आत्ता.

काल मातीला गेलो. कोपऱ्यात उभा होतो. भागवतनं हाताला धरून पुढं नेलं आणि भावकीला सांगितलं, "हे आमच्या आबांचे पाव्हणे."

मामा, पाया पडतो. सावकाश जा.