तळ्याची चौथी नळी

कॉलेजच्या दारात झेंडूच्या नव्या कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या. त्यांतली काळी माती बघून सोनम जागीच थांबली. ती माती तिची होती.

दोन उन्हाळे ती डोंगराकडच्या एका जुन्या तळ्यावर, ड्रमच्या तराफ्यावरून तळात पोकळ नळ्या ठोकून चिखल भरून काढत होती. "पावणं, मासं सोडून चिखल धरताय व्हय?" म्हणून कोळी हसायचे. त्या चिखलात थरावर थर बसलेले, सर्वांत खालचा हजारो वर्षांपूर्वीचा. थरांतले परागकण तपासले की कळतं, तेव्हा डोंगरावर रान होतं की नुसतं गवत. म्हणजे पाऊस कसा होता. पाऊस पूर्वी कधी बिघडला आणि किती झपाट्यानं, हे तिला शोधायचं होतं. महापुरात दोनदा घर सोडलेल्या मुलीला तो प्रश्न पुस्तकातून पडला नव्हता. यंदा पोकलेननं त्या तळ्यातला गाळ उपसला गेला. उरल्या होत्या या चार नळ्या.

उद्या तपासणी समिती येणार म्हणून तिचे मार्गदर्शक हंबीरराव सर यांनी नळ्या ठेवलेली खोली रिकामी करायला लावली आणि माळी गुंडूमामांनी तीन नळ्या फोडून कुंड्या भरल्या.

"सर, मला विचारायचं तरी!" व्हरांड्यात उभ्या सरांना ती म्हणाली.

"अगं, चिखलच की तो. गुंडू, कुंड्या उपड्या कर, भरून दे तिच्या नळ्या."

"व्हय ताई, आत्ता भरतो." गुंडूमामा बिचारे खरंच खोरं शोधायला लागले.

"मामा, राहू दे. थर मोडले. आता ती नुसती माती हाय."

"मग दुसऱ्या तळ्यातनं आण," सर म्हणाले. "नाव ह्याच तळ्याचं घाल. कोण बघतंय?"

"मी बघतीय!" सोनम ओरडली. व्हरांड्यातली पोरं वळून बघायला लागली.

"आवाज खाली. आणि ती चौथी नळी उद्या इथं दिसता कामा नये."

"न्हाय दिसणार. माझ्या प्रबंधावर तुमचं नावबी दिसणार न्हाय."

नळी आडवी धरून ती रिक्षानं नदीकडच्या वस्तीत घरी आली. गार जागा नसेल तर चिखलाला बुरशी धरते, एवढं ऐकताच आई चिमणाबाईनं दूध-कोथिंबीर बाहेर काढून फ्रिज मोकळा केला. नळी त्यात मावेना. मधोमध कापून तोंडं बंद केली तर थर हलणार नव्हते. सोनमनं नळीच्या वरच्या बाजूला खूण केली, करवत घेतली. पण रागाच्या भरात करवत वाकडी जायला लागली.

"थांब," चिमणाबाई म्हणाली. "आधी त्या सराला काय शिव्या घालायच्या त्या घाल. मग काप."

सोनमनं घातल्या. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. आईनं नळीचं दुसरं टोक घट्ट धरलं आणि करवत सरळ चालू लागली.