बोटीवरची पोरं आणि खुर्चीवरचे लोक

एकच सिनेमा वर्षभरात दहा-बारा वेळा दाखवला की काय होतं? सिनेमा पाठ होतो, हे तर झालंच. पण खरी भानगड पुढे होते. बघणाऱ्यांचे किस्से साचायला लागतात, आणि ते इतके साचतात की कोणी "कसा आहे हो तो पिक्चर?" असं विचारलं तर माझ्या तोंडून पडद्यावरचं काही निघतच नाही. निघतात ते खुर्च्यांवरचे लोक!

आधी थोडं सांगते. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. रिटायर झाल्यावर आम्ही जबलपूरच्या मराठी मंडळातल्या चार-पाच जणांनी रविवारी दुपारी सिनेमे दाखवायला सुरुवात केली. प्रोजेक्टर वानखेडे भाऊंकडे. ते रिछाईच्या एका कारखान्यात फिटर होते, राहायला महाराजपूरला. एकदा त्यांनी कुठून तरी एक इंग्रजी सिनेमा पैदा केला. गोष्ट अशी, की अनाथाश्रमातल्या पोरांना "तुमचं आता कोणी उरलं नाही" असं सांगून बोटीत बसवतात आणि समुद्रापलीकडच्या देशात शेतावर राबायला पाठवून देतात. कित्येकांच्या आया जिवंत असतात. त्यात एक भाऊ-बहीण असतात. बंदरावर दोघांची ताटातूट होते, आणि म्हातारपणी बहीण भावाला शोधायला निघते.

सिनेमा इंग्रजीत, खालची अक्षरंही इंग्रजीत. मग ठरलं की मी पडद्याशेजारी उभं राहून माइकवर मराठी-हिंदीत सांगत जायचं. त्यामुळे सगळे पडद्याकडे तोंड करून, आणि मी एकटी लोकांकडे तोंड करून! मला तर दुसराच सिनेमा दिसत होता.

* * *

पहिला शो विजय नगरला, मंडळाच्या हॉलमध्ये. सिनेमा संपल्यावर चर्चा ठेवली होती. सगळ्यात आधी साठे साहेब उठले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, घराणं नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीपासून इकडे स्थायिक. कुठलीही गोष्ट दोन्ही बाजूंनी बघायची त्यांची सवय.

"भावनेच्या भरात जाऊ नये," ते म्हणाले. "नवा देश होता. मोकळी हवा, खायला-प्यायला भरपूर. माणूस कुठेही रुळतो. लहान मूल तर आठ दिवसांत रुळतं."

शेजारी त्यांच्या सौभाग्यवती. चाळीस वर्षांत मंडळाच्या सभेत त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. त्या बसल्याबसल्याच म्हणाल्या,

"यांची छिंदवाड्याला बदली झाली होती. वय बेचाळीस. तिसऱ्या दिवशी रजा टाकून घरी आले. म्हणे, करमत नाही!"

साठे साहेब खाली बसले. त्यानंतर चर्चा फार मोकळी झाली.

* * *

त्याच दिवशी मागच्या रांगेतून वझलवार काकांनी हात वर केला. वय ऐंशीच्या घरात. मला वाटलं, काही गंभीर विचारतील. तर विचारलं काय?

"बोटीत जेवायला काय देत होते हो?"

लोक हसले. काका हसले नाहीत. "नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय. काहून की आम्हाला पुरी-भाजी दिली होती."

मग हळूहळू कळलं. राज्यांची फेरवाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, आणि काकांच्या वडिलांची कचेरी फायलींसकट इकडे जबलपूरला आली. काका तेव्हा नऊ वर्षांचे. शाळेतले दोस्त, आजी, गल्ली, सगळं नागपुरात. ते गाडीत बसायलाच तयार नव्हते. वडिलांनी डब्यातली पुरी-भाजी पुढे केली आणि सांगितलं, "अरे, दोन महिन्यांसाठीच तर चाललो."

"मग?" मी माइकवरच विचारलं.

"मग काय! मी तेव्हापासून वाट पाहून राहिलो. वडिलांचे दोन महिने काही संपले नाहीत!"

* * *

महाराजपूरच्या शोला तर कमालच झाली. वानखेडे भाऊंच्या वस्तीत, विहाराच्या आवारात कनात लावून दुपारी शो ठेवला होता. बायका जास्त. पुढे सतरंजीवर सुशीलाबाई मेश्राम. अंगणवाडीत आयुष्य गेलं, आवाज खणखणीत.

सिनेमात एक साहेब त्या लहान पोराला जवळ घेतो आणि अगदी गोड आवाजात सांगतो, "बाळ, तुझी आई देवाघरी गेली." मी ते मराठीत सांगितलं मात्र, सुशीलाबाई ताडकन उठल्या.

"खोटं बोलून राहिला तो! आई तर आत्ताच दाखवली ना! कपडे धुऊन राहिली होती!"

"हो बाई," मी म्हटलं, "पण त्या पोराला कुठे माहीत आहे?"

"मग सांगा ना त्याला!"

"मी? मी कशी सांगणार?"

"कशी म्हणजे? माइक तर तुमच्याच हातात आहे!"

मागून बायका ओरडायला लागल्या, "सांगा ना दीदी! सांगून टाका!" वानखेडे भाऊंनी सिनेमा थांबवला. पडद्यावर पोराचा चेहरा तसाच स्थिर. डोळे मोठे, ओठ अर्धवट उघडे. आता मी काय करणार? चाळीस वर्षं इंग्रजी शिकवली, भाषांतर मूळ मजकुराला सोडून करू नये असं पोरींना बजावलं. घसा साफ केला आणि माइकवर म्हटलं,

"बाळ, तो खोटं बोलतोय. तुझी आई जिवंत आहे."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! सुशीलाबाई खाली बसल्या, पदर सारखा केला आणि वानखेडे भाऊंना म्हणाल्या, "हं. चालू दे आता."

* * *

रिछाईला भाऊंच्या जुन्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी कामगारांसाठी शो झाला. तिथे डिस्पॅचला मिश्राजी म्हणून होते. माल बांधणं, पत्ते चिकटवणं, गेटपास बनवणं यात तीस वर्षं काढलेला माणूस. सिनेमात बोटीवर चढणाऱ्या पोरांच्या गळ्यात दोरीने पुठ्ठ्याचे बिल्ले बांधलेले दाखवलेत. लोक तिथे हळहळतात, एखादी बाई डोळे पुसते. मिश्राजी पुढे वाकून, चष्मा कपाळावर चढवून ते बिल्लेच बघत होते.

चहाच्या वेळी माझ्याकडे आले. "दीदी, एक बात बताइए. टैग पे 'टू' लिखा है. 'फ्रॉम' काहे नहीं लिखा?"

मी इतक्या वेळा सिनेमा पाहिला होता, माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. आम्ही परत लावून पाहिलं. खरंच नव्हतं!

मिश्राजींनी बराच वेळ मान हलवली. "ग़लती नहीं है ये. हमारे यहाँ तो ऐसा डिब्बा गेट से बाहर न जाए. 'फ्रॉम' नहीं लिखा मतलब भेजने वाले को पहले से मालूम है, वापस नहीं लेना है."

आणि चहा तसाच ठेवून निघून गेले.

* * *

एका शाळेत सातवीच्या पोरांना दाखवला. आमची इथली मराठी पोरं म्हणजे घरी मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. मी मराठीत विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?" तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने बोट वर केलं.

"मॅम, वो जहाज वापस भी आया होगा ना?"

"आलंच असेल."

"खाली?"

"रिकामंच असेल बहुतेक."

तिने जरा विचार केला. "तो फिर जगह तो थी!"

घंटा झाली म्हणून बरं!

* * *

आमच्या मंडळातले सप्रे. एकुलता एक मुलगा, अथर्व, दहावी झालेला. त्याला दूरच्या शहरात कोचिंगला पाठवायचं पक्कं होतं. नवी बॅग आली होती, नवे बूट, नवं स्वेटर. आणि नेमकं त्याच आठवड्यात सप्रे त्याला घेऊन सिनेमाला आले. सिनेमात पोरांना पाठवायच्या आधी नवे कोट देतात. अथर्वने वळून बापाकडे पाहिलं. मला समोरून सगळं दिसत होतं. सप्रे घामाघूम!

बाहेर आल्यावर म्हणाले, "अरे, ते वेगळं, आपलं वेगळं. मी रोज फोन करीन तुला."

"पिक्चर में भी बोला था ना, चिट्ठी आएगी."

झालं! सप्रे दोन रात्री जेवले नाहीत. सौ. सप्रे मला फोनवर म्हणाल्या, "ताई, तुम्ही दुसरा कुठला सिनेमा लावला असता तर चाललं नसतं का?" शेवटी अथर्व स्वतःच म्हणाला की मला जायचंय, आणि गेला. सप्रेंनी मात्र शब्द पाळला. सकाळ-संध्याकाळ फोन. जेवलास का, झोपलास का, पाणी कसं आहे, आईचं बोलणं झालं, आता परत मी बोलतो.

महिन्याभराने पोराचाच फोन आला. "पप्पा, आप एक दिन छोड़ के किया करो ना. बाकी लड़के पूछते हैं, तेरे पापा भी यहीं पढ़ते हैं क्या?"

* * *

जबलपूरची लाइट कधी जावी याला काही नियम नाही. पण त्या दिवशी तिने वेळ साधली. म्हातारी झालेली बहीण स्टेशनवर उतरते, समोर गर्दीत एक म्हातारा पाठमोरा उभा असतो, ती हाक मारायला तोंड उघडते, आणि लाइट गेली!

एकही माणूस उठला नाही. उकाड्यात पुठ्ठ्याने वारा घेत सगळे बसून राहिले आणि वाद सुरू झाला. ओळखेल की नाही? एवढ्या वर्षांनी चेहरा कुठे राहतो? कोणी म्हणे आवाजावरून, कोणी म्हणे डोळ्यांवरून.

हॉलच्या एका टोकाला थोरले पिंपळापुरे बसले होते, दुसऱ्या टोकाला धाकटे. सख्खे भाऊ. वडील, अण्णा, गेल्यावर देवघरातले टाक कोणाकडे राहायचे यावरून बारा वर्षं बोलणं बंद. लग्नाकार्यात आमंत्रण करताना लोकांची तारांबळ उडायची, दोघांना वेगळ्या पंगतीत बसवावं लागायचं.

थोरले एकदम म्हणाले, "पाठमोरा असला तरी ओळखता येतो. चालताना डावा खांदा पडतो त्याचा."

"कोणाचा? सिनेमातल्या भावाचा?" कोणीतरी भाबडेपणाने विचारलं.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून आवाज आला,

"खांदा पडतो म्हणे! आंब्यावरून ढकललं कोणी होतं?"

"ढकललं नव्हतं! तुझा पाय घसरला!"

"घसरला काय? अण्णांना विचार!"

"अण्णांना आता कुठून विचारू?"

लाइट आली. बहिणीने भावाला ओळखलं की नाही ते सगळ्यांनी पाहिलं. पिंपळापुरे बंधूंनी नाही. ते बाहेर पायरीवर बसून आंब्याच्या झाडाचा निकाल लावत होते.

* * *

आणि हा किस्सा अधारतालचा. एका वाचनालयाच्या खोलीत दुपारचा शो. पन्नासेक माणसं, बहुतेक पेन्शनर. त्यात पाटणकर बाई होत्या. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मोजकं बोलायच्या. सिनेमाभर त्यांच्या चेहऱ्यावर मला काही म्हणजे काही दिसलं नाही. बाकी सगळे रुमाल काढून बसले होते. बाई पर्स मांडीवर घेऊन ताठ.

सिनेमा संपला. लोक उठायला लागले. बाईंनी वानखेडे भाऊंना विचारलं, "भाऊ, मागे नेता येतं का हे?"

"येते ना जी. कुठपर्यंत नेऊ?"

"ती बहीण कचेरीत जुनं रजिस्टर उघडते तिथपर्यंत."

ते दृश्य सेकंद-दोन सेकंदांचं आहे. रजिस्टरचं एक पान दिसतं, त्यावर बोटीतून गेलेल्या पोरांची नावं, आणि लगेच पुढचं दृश्य येतं. भाऊंनी नेमकं पानावर आणून थांबवलं. बाई पडद्याजवळ गेल्या. पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. मी माइक पुढे केला तर हातानेच नको म्हणाल्या.

मग त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं,

"आर्थर बेल."

आम्हाला वाटलं, अक्षर लागतं का ते बघताहेत. त्या थांबल्या. बोट खाली सरकलं.

"डोरा फिंच."

पुन्हा थांबल्या. तेवढंच. शाळेत थांबतात तेवढं. जे उठले होते ते उभेच राहिले.

"जॉन हार्डी."

"हजर," मागून कोणीतरी म्हणालं. कुठल्यातरी म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता.

बाईंनी वळून पाहिलं नाही. बोट खाली.

"मेरी लॅम्ब."

"हजर, बाई."

"पीटर नॉक्स."

"यस मॅडम."

"रोझ पार्कर."

"उपस्थित!"

उभे राहिलेले एकेक करून खाली बसले. वानखेडे भाऊंनी प्रोजेक्टरवरून हात काढून घेतला आणि एका नावाला तेही "हजर" म्हणाले. बाई घाई करत नव्हत्या. पानावर वीस-बावीस नावं होती. काही अक्षरं पुसट होती, ती त्यांनी जुळवून जुळवून वाचली.

शेवटची ओळ पडद्याच्या कडेवर अर्धी कापली गेली होती. आडनाव नव्हतंच, नावातलीही सुरुवातीचीच अक्षरं दिसत होती. बाई वाकल्या, चष्मा वर-खाली केला. बराच वेळ बघत राहिल्या. मग जेवढं दिसत होतं तेवढंच वाचलं,

"एलि…"

आणि सगळी खोली एकदम म्हणाली, "हजर!"