जिताड्याचं डोकं आणि शेवटचा झेंडा

गोल्फ या खेळात मी आयुष्यात एकदाच उतरलो आणि आजवर अजिंक्य आहे.

हे वाक्य मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये माझं चेन-बटणांचं दुकान आहे. (चेन म्हणजे पँटची. सोन्याची असती तर गोल्फ वरचेवर खेळलो असतो.) गिऱ्हाईक "अच्छा?" म्हणतं, हव्या त्या चेन उचलतं आणि निघून जातं. शेजारी हरेशभाईचं रेडीमेड पँटचं दुकान आहे. तो तर आता माझ्या तोंडून 'गो' निघाला की शटर ओढायला धावतो. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

तर, भांडणाचं मूळ गोल्फ नव्हतं, जिताडा होता. माझी सासुरवाड पालेगावची. सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. जिताडा हा खाडीतला मासा, आणि त्या घरात त्याचा मान देवाच्या खालोखाल! रविवारी जिताडा शिजला की त्याचं डोकं मोठ्या जावयाच्या ताटात जाणार, असा रिवाज. मोठा जावई मी. धंद्यात मला कोणी विचारत नव्हतं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझं कोणी ऐकत नव्हतं. पण रविवारी दुपारी मामा स्वतःच्या हाताने ते डोकं माझ्या ताटात ठेवायचे तेव्हा मी ताठ बसायचो.

मग धाकटी मेहुणी बदलापूरला दिली आणि निलेश नावाचा जावई घरात आला. माणूस वाईट नाही, तीच तर अडचण! मोठ्या कंपनीत सेल्सला, स्वतःची गाडी, बोलणं गोड. साहेब लोकांबरोबर गोल्फ खेळतो. त्याने मामांच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. मामा किती चालले, किती झोपले हे सगळं ते सांगतं. पुढच्याच रविवारी मामांच्या हातातलं डोकं माझ्या ताटावर क्षणभर थांबलं आणि निलेशच्या ताटात उतरलं.

"पोरगा लांबशी आयलाय," मामा म्हणाले.

बदलापूर लांब! आणि मी काय परसातून आलो होतो? मी भात कालवत बसलो. पण परतताना रिक्षात माझी बायको सुनीता खवळली. "अवो, आज एक रविवार गेला. उद्या कायमचं जाईल. तुम्ही गप बसलात कसे? तुमच्या मानाचं तुम्हाला काहीच नाही?" मला बरं वाटलं. माझ्या मानाची इतकी काळजी करणारी दुसरी व्यक्ती या जगात नाही, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी निलेशने जाहीर केलं, की कंपनीकडून त्याला कोकणात समुद्रकाठच्या एका नावाजलेल्या गोल्फ मैदानाच्या हॉटेलात राहायचं आमंत्रण मिळालंय, सगळ्यांनी चला. "मी तिथे दोनदा खेळलोय, मामा. परदेशातून लोक येतात."

"आमचे हेही खेळतात गोल्फ," सुनीता म्हणाली.

मी पाणी पीत होतो. ते नाकातून आलं.

"खरंच, साडूभाऊ?" निलेशने विचारलं. "कुठे?"

"कॅम्पात," माझ्याऐवजी सुनीताच म्हणाली.

मामांनी मांडीवर थाप मारली. "मंग लावा मॅच! जिताडा मी घेतंय संगती. जो जितल त्याला डोका. नेहमीचाच!"

म्हणजे आता नुसत्या एका जेवणाचा प्रश्न उरला नव्हता. पुढचे सगळे रविवार पणाला लागले होते.

मी हरेशभाईकडे गेलो. तो म्हणाला, "साईं, गोल्फ में आधा गेम तो कपडा है." आणि त्याने खेळण्यापुरती उसनी म्हणून एक पोपटी पँट काढली. इतकी पोपटी, की दुकानातला उजेड बदलला. कंबर दोन माणसांची होती. ती त्याने आत घेतली, जुनी चेन काढली आणि नवीन मागितली. मी माझ्या दुकानातली सगळ्यात भारी चेन गॅरंटीसकट दिली. खेळायची तयारी म्हणाल, तर तीन व्हिडिओ पाहिले आणि घरातल्या छत्रीने चेंडू म्हणून लसूण मारून बघितला. लसूण अजून सापडलेला नाही.

धाकट्या मेहुणीला रजा मिळाली नाही, बाकीचे सगळे गेलो. मैदान मात्र डोळे दिपवणारं होतं. एका अंगाला निळाशार समुद्र, दुसऱ्या अंगाला सुरूची झाडं आणि मध्ये नजर पोचेल तिथवर हिरवंगार गवत. मामा कितीतरी वेळ बघत राहिले.

"यवरी जागा," ते म्हणाले, "आनी एक बी टॉवर नाय?"

मामी मात्र समुद्राकडे बघतच नव्हत्या. त्या भोकाची खूण म्हणून लांबवर रोवलेल्या छोट्या झेंड्याकडे डोळे बारीक करून बघत होत्या. याला कारण आहे. पालेगावात टॉवर येऊ लागले तेव्हा एका सकाळी मामींच्या शेतात कोणीतरी असेच छोटे झेंडे रोवून गेलं होतं. मोजणीच्या खुणा! मामींनी कोणाला काही विचारलं नाही, सगळे झेंडे उपटले, घरी आणले आणि त्यांच्या काठ्या परसातल्या वालाच्या वेलांना आधाराला लावल्या. पुढे पुन्हा मोजणी झाली तेव्हा कळलं, की टॉवरवाल्यांनी ते झेंडे शेताच्या पार आतपर्यंत सरकवले होते. मामींमुळे जमीन वाचली. गावात अजून सांगतात. तेव्हापासून जमिनीत रोवलेला झेंडा दिसला की मामींचे हात शिवशिवतात.

"आये, हात लावू नको," सुनीताने बजावलं. "हा खेळ हाय."

"मोजनीवाले पन तेच बोललेले," मामी म्हणाल्या.

आमच्यासोबत एक कॅडी होते, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारे आणि कुठली काठी घ्यायची ते सांगणारे. पन्नाशीचे, मिशीवाले, चेहऱ्यावरची रेषही न हलणारे. निलेशने पहिला फटका मारला. चेंडू असा गेला की बघत राहावं. मग मी उभा राहिलो. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये मी गावात सिक्स मारलेले आहेत. तोच पवित्रा घेतला, काठी गरकन फिरवली आणि समोर काहीतरी उंच उडालं.

"गेला! गेला!" मामांनी टाळ्या वाजवल्या.

"ती माती होती, साहेब," कॅडी म्हणाले. "बॉल इथंच आहे."

पुढे काय काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यात सांगण्यातच माझी भलाई आहे. एक चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. तो काढताना वाळू मामांच्या तोंडात गेली. एक चेंडू समुद्रात गेला. लाटेने तो परत आणून टाकला, म्हणजे समुद्रालाही तो नको होता! निलेश दरवेळी "होतं असं, साडूभाऊ" म्हणायचा. असं सौजन्य अंगाला चावतं. सुनीता आणि मामी कंटाळून बॅटरीच्या गाडीत बसल्या आणि चहाचा थर्मास घेऊन शेवटच्या होलपाशी जाऊन बसतो म्हणाल्या. जाताना सुनीताने माझ्याकडे अशी नजर टाकली, की उन्हातही मला थंडी वाजली.

ऊन चढलं, तसा मामांचा धीर सुटला. त्यांचा जिताडा हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिजत होता. (मासा मामांनी घरून बर्फाच्या खोक्यात आणला होता. हॉटेलातला मासा कधी मेला ते कोणाला ठाऊक, असं त्यांचं म्हणणं!)

"अजून किती हाईत?" त्यांनी कॅडींना विचारलं.

"अजून अर्धंही नाही झालं, साहेब."

"जिताडा निवल!" मामा ओरडले. "बस झाला. शेवटचा होल फायनल. आधीचा सगला सराव!"

निलेशने हसून मान डोलावली. त्याला काय, शेवटचाही तोच जिंकणार होता. मी देवाचे आभार मानले. एवढ्या सगळ्या अपमानाला एका शब्दात सराव करून टाकणारा सासरा नशिबाने मिळतो.

शेवटचा होल समुद्रावरच्या उंचवट्यामागे होता. खालून ना गवत दिसत होतं ना भोक. दिसत होता फक्त झेंड्याचा लाल तुकडा, सुरूच्या झाडांपाशी फडफडताना. झेंड्याकडे बघूनच मारायचं. कॅडींनी कपाळावर हात धरून बघितलं आणि ते जरा घुटमळले. "आज भोक उजवीकडं घेतलंय वाटतं," ते स्वतःशीच म्हणाले. (भोकाची जागा म्हणे अधूनमधून बदलतात.)

निलेशने नेम धरला. श्वास रोखला. काठी फिरली, चेंडू आभाळात चढला आणि बरोबर झेंड्यावर उतरला. इतका बरोबर, की मी मनातल्या मनात डोक्याचा निरोप घेतला.

मग मी. डोळ्यांसमोर पुढचे सगळे रविवार. निलेशच्या ताटात डोकं, माझ्या ताटात शेपटी आणि रिक्षात सुनीता. काय व्हायचं ते होवो म्हणून अंगातली सगळी ताकद लावून काठी फिरवली. आणि ऐन त्या क्षणी कमरेखाली आवाज झाला, "चर्रर्र!"

चेन गेली! माझ्याच दुकानातली, सगळ्यात भारी चेन! डावा हात काठी सोडून पँटकडे धावला. काठी एकट्या उजव्या हाताने फिरली. चेंडू झेंड्याची दिशा सोडून पार डावीकडे गेला, एका माडावर टण्ण करून आपटला आणि उंचवट्यामागे दिसेनासा झाला.

"सॉरी, साडूभाऊ," निलेश म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला.

मी पोटावर टोपी धरून चढण चढलो. वर पोचलो आणि आम्ही चौघेही थबकलो. सुरूच्या सावलीत मामी चहा पीत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी, वाळूत घट्ट रोवलेला, तो झेंडा. झेंड्याच्या पायाशी निलेशचा चेंडू. आणि लांब डावीकडे गुळगुळीत गवतावर, बिनझेंड्याचं, उघडंबोडकं भोक. त्याच्यापासून हातभर अंतरावर माझा चेंडू!

"मामी," निलेशचा आवाज चिरकला, "झेंडा इथे कसा?"

"मी काढला."

"मी गाडीवाल्याला परत पाठवायला वळले, तेवढ्यात!" सुनीता म्हणाली.

"पण का, मामी?"

"का म्हंजे? आज झेंडा लावतान, उद्या कुंपन घालतान."

"आये, ही जागा आपली नाय!"

"कोनाची तरी हाय ना?" मामी म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याला कोन सांगल? आनी काठी चांगली हाय. वालाला होईल."

निलेश पहिल्यांदाच चिडलेला पाहिला. "हे चालणार नाही! परत मारायचं!" त्याने कॅडींकडे बघितलं. कॅडींनी मिशीवरून हात फिरवला. "असं आजवर घडलं नाही, साहेब. आता काय ते तुमचं तुम्ही ठरवा."

मामा पंच झाले. "बॉल कशान घालाचा? झेंड्यान का भोकान?"

"भोकात," निलेश नाइलाजाने म्हणाला.

"मंग कोनाचा बॉल भोकाचे जवल?"

कंपनीच्या सेल्सवाल्याने काठी उचलली. त्याने वाळूतून फटका मारला, चेंडू तिथेच उडून तिथेच पडला. दुसरा मारला, गवतावर आला. तिसरा भोकाला वळसा घालून पुढे गेला. आता माझी पाळी. हातभर अंतर. डाव्या हातात टोपी आणि पँट, उजव्या हातात काठी. लसूण आठवला. हळूच टिचकी मारल्यासारखं केलं. चेंडू निघाला, काठावर पोचला, थांबला. मामांनी वाकून फुंकर मारायचा पवित्रा घेतला, आणि तेवढ्यात तो आपणहून आत पडला.

"जितला! मोठा जावई जितला!" मामा नाचायलाच लागले. मीही दोन्ही हात वर केले. आणि ताबडतोब खाली घेतले.

जेवणाच्या टेबलावर जिताडा आला. लालबुंद कालवण, वर कोथिंबीर आणि मधोमध ते डोकं. मामा उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी ते माझ्या ताटात ठेवलं. "रिवाज तो रिवाज," म्हणाले. निलेशने टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. माझे डोळे भरून आले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता (हे सुनीता वाचणार नाही अशी आशा आहे).

सगळे आपापल्या ताटाकडे वळले. मी खाली बघितलं. जिताड्याने माझ्याकडे बघितलं.

आता खरं सांगतो. मला माशाचं डोकं खाता येत नाही. ते डोळे बघितले की माझा घास अडतो. इतकी वर्षं ताठ बसून मी तो मान घेत आलो आणि मामांची पाठ वळली की...

शेजारून सुनीताचा हात आला. सराईतपणे तिने डोकं स्वतःच्या ताटात ओढलं, गालाचा मऊ भाग आधी काढला आणि डोळे मिटून खाऊ लागली. "छान खेळलात हो," ती भरल्या तोंडाने म्हणाली. रिक्षात माझ्या मानाची एवढी काळजी का चालली होती, ते मला तेव्हा कळलं.

म्हणजे झेंडा उपटला मामींनी, निकाल दिला मामांनी, डोकं खाल्लं सुनीताने. या विजयात माझं स्वतःचं असं एकच होतं, ती तुटलेली चेन. आणि तीसुद्धा गॅरंटीत बदलून मागायला हरेशभाई आता रोज माझ्याच दुकानात येतो.