कानाशी धरलेला ट्रे

हवेतली ओल मोजायच्या यंत्राचा काटा अडकला होता, आणि मी सलग तीन दिवस तोच आकडा वहीत उतरवून पुढे सही करत होतो. अठ्ठावीस टक्के, अठ्ठावीस टक्के, अठ्ठावीस टक्के. अक्षर मात्र सुरेख होतं, एवढं पुढे सगळ्यांनीच मान्य केलं.

खरं तर हे मावशींबद्दल आहे. पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी माझा मूर्खपणा ओलांडावा लागतो, त्याला माझा इलाज नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या मोठमोठ्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला, आमचा पॅकिंगचा छोटा कारखाना आहे. शस्त्रक्रियेत शरीरात बसवायच्या वस्तू आम्ही बंद करतो. त्यातली मुख्य म्हणजे एक पडदा. जनावराच्या हृदयाभोवती असतो तो. धुऊन, स्वच्छ करून, गोठवून सुकवलेला. हाताला अगदी पापडासारखा. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये वरचं आवरण फाटलेलं असलं की तिथे ठिगळ म्हणून हा शिवतात. आम्ही तो प्लॅस्टिकच्या खोलगट ट्रेमध्ये ठेवून वर झाकण चिकटवतो, मग एक पाकीट, त्यावर चकचकीत दुसरं पाकीट. झाकणात रबराची एक टिकली असते. डॉक्टर तिच्यातून सुईने मिठाचं पाणी आत सोडतो, दहा मिनिटं थांबतो आणि झाकण सोलतो. तोवर पापडाचं मऊ, ओलं कापड झालेलं असतं. म्हणजे आमचा सगळा धंदा काय, तर त्या शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत पाण्याला लांब ठेवायचं. आधीच ओल शिरली तर पडदा कपाटात पडल्या पडल्या आतून कमजोर होतो. दिसतो तसाच. टाका घातला की फाटतो.

मी मूळचा बार्शीकडचा. आमच्याकडे भाकरीचा दुसऱ्या दिवशी पापड होतो. इथे समुद्राकाठी पापडाची दुसऱ्या दिवशी भाकरी होते. हे ज्ञान मला बोईसरच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात मिळालं होतं. ते नोकरीत वापरायचं मात्र सुचलं नाही.

मावशी झाकण चिकटवायच्या यंत्रावर बसत. पन्नाशीच्या, किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातल्या, पाम गावाच्या पुढून शेअर रिक्षाने येणाऱ्या. ठेकेदाराकडच्या कामगार. टोपी, मास्क आणि अंगरखा चढवला की आम्ही सगळे एकाच साच्यातले गणपती दिसायचो, पण मावशी दुरून ओळखू यायच्या. झाकण चिकटलं की त्या ट्रे उचलून कानाशी न्यायच्या आणि दोनदा हलवायच्या. आत पडदा खडखडला की ट्रे पुढे. नाही तर बाजूच्या क्रेटमध्ये, आणि वर दोन शब्द : "नाय पटला."

हे दोन शब्द त्या कशालाही लावत. कॅन्टीनचा चहा नाय पटला. पुतणीला बघायला आलेला मुलगा नाय पटला, कारण त्याने सुरमईची तुकडी काट्याला अर्धं मांस ठेवून बाजूला सारली. मी मिशी ठेवली, तिच्याकडे अर्धा मिनिट बघून त्या म्हणाल्या, "नाय पटली." मी काही विचारलंही नव्हतं. पटलेल्या गोष्टीबद्दल मात्र त्या अवाक्षर काढत नसत. तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील. त्यांचं कौतुक म्हणजे गप्प राहणं.

सुपरवायझर म्हणून आल्या आल्या मी फर्मान काढलं : ट्रे कानाशी न्यायचा नाही.

"का पन?"

"मावशी, हे शास्त्रीय नाही. त्यासाठी यंत्रं आहेत, प्रयोगशाळा आहे."

"हाय ना. यंत्र हाय, तुमी हाय. मी कुठं नाय म्हनते?" असं म्हणत पुढचा ट्रे कानाशी.

"अहो, कानाला काय कळणार?"

"सायेब, आमी जल्मभर बोंबील सुकवले. गोनीत भरायच्या आदी मूठभर हलवून बघतो. सुका असला तर वाजतो. आतून ओला असला तर गप बसतो आन आख्खी गोन नासवतो. तुमच्या पडद्याला काय येगळी शिंगं हायत?"

मग जरा थांबून त्यांनीच विचारलं, "हा मानसाच्या डोक्यात बसवतात ना? मंग डोकं उघडं टाकून मानूस टेबलावर पडलाय आन ठिगळ फाटलं, तर दुसरं आनायला कोन धावल?"

"तसं होत नाही, मावशी," मी म्हणालो. सुपरवायझरच्या आवाजात.

एकदा खरेदीदारांकडून पाहुणे आले. ट्रेमध्ये पाणी कसं सोडायचं ते दाखवायचा मान मी स्वतःकडे घेतला. सुई टिकलीत घातली, जोर जरा जास्त झाला, आणि झाकणाच्या कडेतून चिळकांडी उडाली ती थेट पाहुण्यांच्या टायवर. ते झाकण मी स्वतः चिकटवलं होतं. हे सांगायची काही गरज नव्हती; मावशींनी सांगितलं. मग आपल्या हातचा एक ट्रे पुढे सरकवला आणि सुई पाहुण्यांच्याच हातात दिली. थेंब बाहेर आला नाही. पाहुणे वा वा म्हणाले. मावशी पुन्हा यंत्रावर जाऊन बसल्या.

तर ऑक्टोबर. वरून ऊन आणि खाली हवा अशी चिकट की कागद हाताला सोडत नाही. खोलीतली हवा कोरडी ठेवणारं यंत्र छताजवळ होतं. ते केव्हातरी बंद पडलं. घुरघुर बाकीच्या यंत्रांचीही होती, त्यामुळे कोणाला कळलं नाही. कळायला हवं होतं ते मला, कारण काट्याकडे बघणं हे माझं काम. मी बघत होतोच की. प्रयोगशाळेत नमुना गेला तो पहिल्या दिवशी सकाळी, तेव्हा सगळं कोरडंच होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोजणीत साठ ट्रे कमी भरले. ते मावशींच्या बाजूच्या क्रेटमध्ये होते, एकावर एक, नीट रचलेले.

"हे काय?"

"नाय पटले."

"साठ? मावशी, माल आज जायचाय!"

"सकाळधरनं एक पन बोलत नाय. सगळे रुसल्यागत बसलेत."

"काटा बघा. अठ्ठावीस."

त्यांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काटा तुमचा. कान माझा."

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, सहा महिन्यांची. हा माल वेळेवर गेला की पक्की होणार होती. मी ऑफिसात जाऊन मावशींना मेमो लिहिला : सूचना देऊनही अशास्त्रीय पद्धत वापरणे, माल अडवणे. ठेकेदाराचा नियम सगळ्यांना ठाऊक होता, दोन मेमो झाले की काम सुटलं. मावशींच्या नावावर एक आधीच होता. रिक्षा बंद होत्या त्या दिवशी त्या चालत आल्या आणि उशीर झाला, त्याचा. हे मला माहीत होतं. तरी मी लिहिला. इथे मला काही गंमत सुचत नाही.

मावशींनी मेमो वाचला, त्याची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "बरं." तीन वाजता पाळी सुटली, त्या गेल्या. मी ते साठ ट्रे बाकीच्यांत भरून टाकले, खोकी टेम्पोत चढवायला लावली आणि आत येऊन खुर्चीत बसलो. खोकी मुंबईकडे जायची होती, किरणांनी निर्जंतुक करायला, आणि तिथून पुढे परस्पर खरेदीदारांकडे.

साडेचारच्या सुमारास वही मिटता मिटता मी पेनाने यंत्राच्या काचेवर टिचकी मारली. का मारली सांगता येत नाही. बहुधा मनातल्या मनात मावशींशी भांडत होतो. काटा दचकला, थरथरला आणि सरळ एकाहत्तरवर जाऊन बसला.

मी धावलो. टोपी, अंगरखा, पायांतल्या निळ्या पिशव्या, सगळं तसंच. आतापर्यंत टेम्पो चिल्हार फाट्याच्या पुढे हायवेला लागलेला असणार. आणि डोळ्यांपुढे ते टेबल, तो माणूस, आणि टाका घालणारा डॉक्टर.

टेम्पो फाटकातच उभा होता.

"साब, एक घंटे से ज्यादा हो गया!" चालक माझ्यावरच ओरडला. "ये वॉचमन छोड़ता नहीं. बोलता है मौसी का साइन नहीं है."

मालाबरोबर एक चिठ्ठी जाते. तिच्यावर झाकण चिकटवणाऱ्याची सही नसेल तर खोकं फाटकाबाहेर जात नाही. माझी सही होती, ठसठशीत. तिच्या शेजारची जागा कोरी होती. घाईत मी ते पाहिलंच नव्हतं.

"मावशी जाताना सांगून गेली," वॉचमन म्हणाला. "माझी सही नाय, माल सोडलास तर बघ."

मी टेम्पोच्या चाकाशी खाली बसलो. चालकाला वाटलं मला चक्कर आली. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. चक्कर वगैरे काही नव्हती. मी अर्धी बाटली रिकामी केली आणि उठून खोकी मोजली. सगळी होती.

खोकी उतरवून घेतली. ठेकेदाराकडे जायची मेमोची प्रत अजून माझ्या खणातच होती, ती फाडली आणि रिक्षा करून मावशींच्या गावी गेलो. त्या किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवरचे बोंबील उतरवत होत्या.

"मावशी, काटा अडकला होता."

"हां."

"माल गेला नाही."

त्यांचे हात थांबले. त्यांनी समुद्राकडे तोंड करून पदराने चेहरा पुसला, बराच वेळ. मग म्हणाल्या, "च्या घेनार?"

"मेमो परत द्या आधी."

त्यांनी तो पिशवीतून काढून दिला. "घ्या. मी ह्यात सुकट बांधनार होते. मोठ्या सायबाला कोन सांगनार, तुमी का मी?"

"मी."

"मंग आजच सांगा. उद्यावर टाकलं का मानसाचं तोंड सुकतं."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेने ते साठ ट्रे फोडले. साठही ओले निघाले. काटा नेमका कधी अडकला ते सांगता येईना, म्हणून मागच्या दोन दिवसांचा सगळा मालही बाद झाला. छताखाली नवं यंत्र आलं, ओल वाढली की बोंबलणारं. कानाची पद्धत कागदावर कुणी लिहिली नाही, पण त्यावर पुन्हा कुणी बोललंही नाही. माझी नोकरी राहिली, आणि पक्कीही झाली. मी समजलो, खरं बोलल्याचं फळ. गावाकडे फोन करून आईलाही तसंच सांगितलं.

गेल्या दिवाळीनंतर मावशींनी काम सोडलं. मुलाने बोट घेतली, आता त्या सफाळ्याच्या बाजारात मासे विकतात. त्यांच्या जागी नवीन बाई आहेत. त्या चांगल्या आहेत, प्रत्येक ट्रेला "छान आहे" म्हणतात, आणि मला ते ऐकून काळजी वाटते.

परवा मोठ्या साहेबांसमोर मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "सर, तेव्हा खरं बोललो म्हणून वाचलो."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुला काढायचं पत्र टाइप झालं होतं. दुसऱ्या दिवशी मावशी सकाळीच केबिनमध्ये आल्या, चपला बाहेर काढून."

"काय म्हणाल्या?"

साहेबांनी अगदी मावशींच्या आवाजात सांगितलं, "ह्याला नका काढू. नवा आनलात तर तो पयल्यापासनं चुका करनार. ह्या येड्याच्या निम्म्या तरी करून झाल्यात."