पावण्याचा मदरबोर्ड

आज नव्या हार्ड डिस्कची चंदेरी पिशवी फाडली आणि त्या प्लास्टिकच्या उग्र वासाने मला थेट राजारामपुरीतल्या एका दुकानात नेऊन उभं केलं. तेव्हा लग्नाचे व्हिडिओ जोडताना माझा कॉम्प्युटर अक्षरशः रांगायचा, म्हणून ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येईल असा प्रोसेसर मी घेतला होता. आता ती मुभा देणारा मदरबोर्ड हवा होता. मी दुकानदाराला सगळं समजावून सांगितलं, पण तो सोबत आलेल्या माझ्या मामांकडे वळून म्हणाला, "पावणं, गाव कंचं?" "गारगोटी." "आमची धाकटी बहीण तिथंच दिलीया की!" मग चहा आला, बहिणीचा दीर मामांच्या भावकीतला निघाला, आणि रंगीत दिव्यांचा एक बोर्ड मामांच्या हातात पडला. खोक्यावरचं वाचून मी म्हटलं, "मामा, ह्याच्यावर वेग वाढवताच येत नाही." दुकानदार मामांनाच म्हणाला, "पोरीला सांगा, लई भारी बोर्ड हाय." मामा माझ्या कानाशी पुटपुटले, "आता न्हाय कसं म्हणायचं? नात्यातला माणूस हाय." घरी आल्यावर मी सेटिंग उघडलं, तर वेगाचा आकडा जागचा हलेना. बदलून आणू म्हटलं, तर मामांना वाईटपणा नको होता. मी रागाने दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही. तो बोर्ड अजून एकदाही बंद पडलेला नाही, त्यामुळे बदलायला निमित्तही मिळत नाही. मामा आले की कौतुकाने विचारतात, "दिला का न्हाय पावण्यानं चांगला माल?" आणि मला व्हय म्हणावं लागतं.